नाएलची मोजणी आणि अरीजच्या शेळ्या

जॉर्डनमधल्या इर्बिदच्या विद्यापीठ रस्त्यावर चष्म्यांचं एक अरुंद दुकान आहे. तिथे नाएल शतनावी दिवसभर लोकांचे डोळे तपासतो. "ही काच बरी की ती?" हा प्रश्न त्याच्या जिभेवर इतका बसलाय, की घरी जेवतानाही कधी निसटतो आणि आई म्हणते, "दोन्ही बऱ्या आहेत. आधी जेव."

दुकानात येणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक आहे, की मोरोक्कोपासून इराकपर्यंतची पोरं या माणसाचा आवाज ओळखतात. नवा गेम आला की तो वेगवेगळ्या कन्सोलांवर कसा चालतो याची मोजणी नाएल करतो आणि तिचे व्हिडिओ टाकतो. चेहरा दाखवत नाही. पडद्यावर दोन-तीन चित्रं शेजारी शेजारी, त्यांच्याखाली वरखाली होणारी रेघ आणि मागे त्याचा सावकाश, जरासा नाकातला आवाज.

मोजणी म्हणजे काय, तर पडद्यावरचं हलतं चित्र ही खरं म्हणजे झपाझप दाखवलेल्या स्थिर चित्रांची, फ्रेमांची, रांग असते. सेकंदाला साठ आल्या तर हालचाल तेलासारखी वाहते. तीसवरही भागतं. त्याखाली गेलं की आधी हाताला कळतं, मग डोळ्यांना. नाएल कन्सोलमधून निघणारं चित्र जसंच्या तसं कॉम्प्युटरवर उतरवून घेतो आणि कुठे फ्रेम अडकली, कुठे तीच पुन्हा आली, ते शोधून काढतो. रिझोल्यूशनसाठी तो चित्र इतकं मोठं करतो की तिरक्या कडांच्या पायऱ्या दिसू लागतात. त्या मोजल्या, की कन्सोल खरोखर बारीक चित्र काढतंय की लहान चित्र ताणून मोठं करतंय, ते कळतं.

हा नाद लहानपणचा. वडिलांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि मावसभाऊ, शेजारची पोरं, सगळी आपापली कन्सोल घेऊन तिथे जमायची. माझं चांगलं की तुझं, यावर मारामारीपर्यंत जायचं. मग कुणीतरी म्हणायचं, "नाएलला विचारा." नाएल दोन टीव्ही शेजारी लावून बघायचा आणि सांगायचा. त्याच्याकडे स्वतःचं कन्सोल नव्हतं, म्हणून त्याचं म्हणणं सगळे मानायचे. मोठेपणीही त्याला याच गोष्टीचा अभिमान वाटत राहिला. आपण कुणाची बाजू घेत नाही. जे आहे ते मोजतो आणि सांगतो.

त्या पोरांमध्ये एक मुलगी असायची, अरीज. नाएलच्या मावशीची धाकटी. तिला कोण जिंकलं याच्याशी घेणं नसे. गेममधल्या भिंतीत घुसता येतं का, पाण्याच्या खाली काय आहे, हे ती बघत बसायची. पुढे ती कॉम्प्युटर शिकली आणि अम्मानमधल्या एका लहानशा स्टुडिओत गेम बनवायला लागली. मावशी, म्हणजे उम्म सखर, सगळ्यांना सांगायची, "माझी पोरगी बकऱ्या बनवते." कारण अरीज तेव्हा खरंच शेळ्या बनवत होती.

त्यांच्या गेमचं नाव होतं 'गदीर'. पावसानंतर वाळवंटात जी डबकी साचतात, ती शोधत एक धनगराची मुलगी कळप घेऊन हिंडते, असा तो गेम. मारामारी नाही, बंदुका नाहीत. पाणी सापडलं की शेळ्या काठावर येऊन पितात, आणि पाण्यात त्यांची, आभाळाची, मुलीच्या ओढणीची प्रतिबिंबं हलतात. बघणाऱ्याला तिथेच थांबावंसं वाटे. दोन मोठ्या कन्सोलांवर ते जमलं होतं. तिसरं हातात धरून खेळायचं छोटं कन्सोल, त्याचं काम एकट्या अरीजकडे होतं.

ते काम मागे पडलं, आणि का मागे पडलं हे नाएलइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्या हिवाळ्यात मावशीची मूत्रपिंडं निकामी झाली आणि डायलिसिस सुरू झालं. अरीजचा भाऊ सखर अकबाच्या बंदरात नोकरीला, त्याचं येणं कधीतरी. अरीज अम्मानहून येऊन-जाऊन राहायला लागली. आईच्या उशाशी मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसायची आणि सकाळच्या बसने परत जायची. बुधवारी मावशीला दवाखान्यात न्यायचं नाएलने अंगावर घेतलं होतं. अरीज भिंतीला डोकं टेकून, उघड्या डोळ्यांनी, बोटं कळफलकावर ठेवून बसलेली त्याने पाहिली होती.

गेम बाहेर पडायच्या आधी स्टुडिओने नाएलकडे तिन्ही कन्सोलांसाठीच्या प्रती पाठवल्या. जॉर्डनमध्ये बनलेला असा गेम पहिल्यांदाच येत होता, आणि अरबी बोलणाऱ्या मुलुखात मोजणी म्हटलं की नाएल. त्याने दोन्ही मोठी कन्सोल मोजली. साठ, साठ, क्वचित अठ्ठावन्न. मग छोटं लावलं. मोकळ्या वाळवंटात ठीक चाललं. पण शेळ्या पाण्यावर आल्या आणि रेघ दरीत कोसळावी तशी कोसळली. बावीस फ्रेम. एका ठिकाणी सतरा. चित्र इतकं धूसर झालं की शेळ्यांचे पाय एकमेकांत मिसळून गेले.

दुसऱ्या दिवशी दुकानात असताना अरीजचा फोन आला.

"छोटं लावलंस?"

"लावलं."

"पाण्यापाशी गेलास?"

"गेलो."

ती थोडी हसली. "मग आता बोलूच नकोस. ऐक. दुरुस्ती झाली आहे, नाएल. कन्सोलवाल्यांकडे तपासायला गेली आहे, तिथे रांग असते. आठवडाभरात लोकांना मिळेल. तेवढं थांबशील? दोन्ही मोठ्यांचं टाक, छोट्याचं मागून टाक. खोटं बोल असं मी म्हणत नाहीये."

"बघतो," नाएल म्हणाला.

त्यांच्या घरात 'बघतो' म्हणजे 'हो' असतं. अरीजने ते तसंच घेतलं. नाएलनेही त्या क्षणी ते तसंच म्हटलं होतं.

मग दोन दिवसांनी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, त्याने फोनवर पाहिलं की आखातातल्या एका मोठ्या चॅनेलने जाहीर केलंय: 'गदीर, तिन्ही कन्सोलांवर, आज संध्याकाळी.' आपल्याच गावच्या गेमची मोजणी दुसऱ्याने आधी टाकायची? लोक म्हणतील, नाएल झोपला. त्याने दुकान लवकर बंद केलं, घरी येऊन माइक लावला आणि बोलायला बसला.

आकडे त्याने खरे सांगितले. त्यात एक फ्रेमही इकडची तिकडे नव्हती. पण शेळ्यांच्या जागी आल्यावर त्याला वाटलं, इथे काहीतरी चटकदार हवं. तो म्हणाला, "या शेळ्या पाणी पीत नाहीयेत, त्या सही करण्याआधी कराराचा कागद एकेक शब्द लावून वाचताहेत." आणि मग, चित्र थांबवून, "छोट्या कन्सोलचं हे काम ज्याने केलं, तो बहुधा झोपेत होता."

बोलून झाल्यावर त्याने ते वाक्य पुन्हा ऐकलं. ठेवायचं की काढायचं, असा हात क्षणभर थबकला. मग बाहेरून आईने चहाला हाक मारली आणि त्याने व्हिडिओ टाकून दिला.

आजवर त्याच्या कुठल्याच व्हिडिओला इतके लोक आले नव्हते. तुकडा कापून पोरांनी सगळीकडे पसरवला. 'झोपेत होता' हे वाक्य शेळ्यांच्या चित्रावर लिहून लोक एकमेकांना पाठवायला लागले. परीक्षेत नापास झालेल्या मित्राला पाठवायचे, उशिरा आलेल्या बससाठी पाठवायचे. नाएलला दोन दिवस फार बरं वाटलं. अरीजचा फोन आला नाही, तेव्हा त्याने स्वतःला समजावलं की ती कामात असेल.

त्याच आठवड्यात दुरुस्ती आली. शेळ्या पाण्यावर येऊनही रेघ कोसळेना. पण तोवर गेम बाजारात आणणाऱ्या परदेशी कंपनीने स्टुडिओला विचारलं होतं की तो झोपलेला माणूस कोण. स्टुडिओच्या मालकाने नाव सांगितलं. अरीजला आधी, आईची काळजी घे, काही दिवस घरीच राहा, असं गोड शब्दांत सांगण्यात आलं. नंतर बोलावणं आलंच नाही.

हे नाएलला कळलं ते मावशीच्या तोंडून, गाडीत.

बुधवार होता. मावशी पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी, पिशवीत डायलिसिसच्या वेळी पांघरायची शाल. गाडी अल-हुस्न रस्त्याला लागली तशी ती म्हणाली, "माझ्या पोरीला काढलं."

नाएलचा पाय पेडलवरून निसटला. मागच्याने हॉर्न वाजवला.

"कुणी मेला इंटरनेटवर बसून बोलला म्हणे, ही झोपते म्हणून. माझी अरीज." मावशीने दोन्ही हात वर केले. "ज्याने हे केलं त्याला झोप लागू नये. त्याच्या घरात कुणी आजारी पडावं आणि उशाशी बसायला कुणी नसावं."

"असं म्हणू नये, मावशी."

"का नाही म्हणू? तुला माहीत आहे, ती रात्र रात्र माझ्यापाशी बसायची. तू बघितलंयस." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू आहेस म्हणून. नाहीतर मला कोण नेणार होतं? अल्लाह तुझ्या हाताला यश देवो, मावशीच्या लेकरा."

त्या दिवशी मावशीचं रक्त यंत्रातून फिरत असताना नाएल बाहेरच्या बाकावर बसून होता. अरीजने घरात सांगितलं नव्हतं. तो बोलणारा कोण, हे तिने आईला सांगितलंच नव्हतं. का सांगितलं नसेल, हे शोधायला त्याला फार विचार करावा लागला नाही. बुधवारी आईला कोण नेणार.

मग दर बुधवारी तेच. मावशी त्या अनोळखी माणसाला शाप द्यायची आणि नाएलला दुवा द्यायची, कधीकधी एकाच वाक्यात. नाएल काच पुसायचा, आरसा सरळ करायचा, रेडिओ लावायचा. दुकानात गिऱ्हाइकाला चुकीच्या नंबरची काच देऊन बसला. नवे गेम आले तरी मोजायला बसवेना. यंत्र लावायचा आणि नुसता बघत राहायचा. आईने विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" तर म्हणाला, "डोळे दुखतात."

शेवटी एका बुधवारी दवाखान्याच्या अलीकडच्या वळणावर त्याने गाडी कडेला घेतली आणि सांगून टाकलं. तो आवाज माझा होता. ते वाक्य माझं होतं. तिने मला थांबायला सांगितलं होतं, आणि मी बघतो म्हणालो होतो.

मावशी समोर बघत राहिली. बाहेर एक माणूस हातगाडीवर कणसं भाजत होता, त्याचा धूर काचेवर येत होता.

"आधी दवाखान्यात पोचव," ती म्हणाली. "माझी वेळ झाली."

परत न्यायला तो आला तेव्हा मावशी मागचं दार उघडून मागे बसली. घर जवळ आल्यावर म्हणाली, "तुझं ओझं तू उतरवलंस. आता ते माझ्याकडे आलं. मी शाप दिलेत तुला. ते परत कसे घेऊ, मला कुणी शिकवलेलं नाही."

"घेऊ नकोस परत."

"गप्प बस. तुझी आई माझी बहीण आहे." गाडी थांबल्यावरही ती उतरली नाही. "मला सांगून काय उपयोग? मी शेळ्या बनवत नाही. वर जा. ती घरी आहे."

"आत्ता?"

"मग काय शुक्रवारच्या नमाजाला?"

वर बैठकीत अरीज जमिनीवर बसून मोलोखियाच्या भाजीची पानं खुडत होती. नाएलला पाहून ती उठली नाही. मावशी आत जाऊन पडली, पण दार तिने उघडंच ठेवलं. अरीजने कॉफी करून आणली, कप त्याच्यापुढे ठेवला आणि पुन्हा पानांकडे वळली.

नाएलने कपाला हात लावला नाही.

अरीजने वर पाहिलं. दोन घराण्यांत तंटा झाला की मोठी माणसं जमून जातात आणि मागणं मान्य होईपर्यंत समोरची कॉफी पीत नाहीत, ती रीत तिलाही माहीत होती. "ही काय जाहा आणलीस? जाहाला वीस-पंचवीस माणसं लागतात, पांढऱ्या दाढीची. तू एकटाच आलायस. पी ती, गार होईल."

"मी व्हिडिओ काढून टाकतो, अरीज. आजच."

"काढू नकोस. काढलास तर म्हणतील, बाई रडली म्हणून काढला." तिने देठ बाजूला टाकले. "आकडे खरे होते. सतरा फ्रेम होत्या, मीही मोजल्या होत्या. त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही. पण 'झोपेत होता' हे कुठल्या यंत्राने मोजलंस ते सांग."

तिने पुढचं पान उचललं.

"अनोळखी माणूस असता तर मी हसून सोडलं असतं. त्याला काय माहीत. तुला माहीत होतं. तू मला त्या भिंतीला टेकलेली पाहिली होतीस. त्यातूनच उचललंस का तू ते?"

हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. माइकसमोर बसल्यावर तो शब्द कुठून आला, याचा त्याने शोध घेतला नव्हता. आता ती विचारत होती आणि त्याला भिंत दिसत होती, तिचं टेकलेलं डोकं दिसत होतं, आणि त्याला वाटलं, हो, तिथूनच. 

"बहुतेक," तो म्हणाला.

अरीजने पुढची जुडी पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "निदान खरं बोललास."

तिला काय हवं, हे त्याने विचारलं. ती म्हणाली, मला काही नको, आणि माझ्यासाठी रडगाणं तर मुळीच नको. पण दुरुस्ती आल्यावरचा गेम मोज. जसा मोजतोस तसा, काही कमी-जास्त न करता. आणि मी काय केलं ते सांग, कारण ते कुणी विचारलंच नाही. मग तिने कागद न घेता, देठ जमिनीवर मांडून त्याला दाखवलं. पाण्यातलं प्रतिबिंब तिने अर्ध्या बारकाईने काढलं होतं, कारण हलत्या पाण्यात तेवढं कुणाला दिसत नाही. लांबच्या शेळ्यांची प्रतिबिंबं एक फ्रेम सोडून एक काढली होती. जवळच्या शेळ्यांना मात्र हात लावला नव्हता. "त्यांचे डोळे पाण्यात दिसतात," ती म्हणाली. "ते मला घालवायचे नव्हते."

बोलता बोलता तिचा आवाज मूळचा झाला होता. नाएल कॉफी प्यायला. ती पार गार झाली होती.

नवा व्हिडिओ त्याने तिने सांगितला तसा केला. आधी आकडे: एकोणसाठ, साठ, शेळ्या पाण्यावर असताना सत्तावन्न. मग अरीजचं पूर्ण नाव घेऊन, ती आपली मावसबहीण आहे हेही सांगून, तिने काय केलं ते. आणि मग, पहिल्यांदा चेहरा दाखवून, तो म्हणाला की मागच्या व्हिडिओत मी एका माणसाबद्दल असं बोललो, जे मी मोजलं नव्हतं आणि जे खोटं आहे हे मला माहीत होतं. दुरुस्ती येतेय हेही माहीत होतं. थांबतो म्हणालो होतो, थांबलो नाही, कारण मला पहिलं यायचं होतं.

जुना व्हिडिओ जितक्यांनी पाहिला होता त्यातल्या मूठभरांनीच नवा पाहिला. खाली कुणी लिहिलं, 'तुझी मावसबहीण आहे म्हणून बोलतोस.' कुणी लिहिलं, 'आता तुझ्यावर विश्वास कसा ठेवायचा?' नाएलने दोन्हींना उत्तर दिलं नाही, कारण दोन्ही शंका त्याच्याही होत्या. शेळ्यांचं ते चित्र अजून फिरतं. त्याखालचं वाक्य कुणाचं, कुणाबद्दल, हे पाठवणाऱ्यांना ठाऊक नसतं.

स्टुडिओने अरीजला परत बोलावलं नाही. वर्षभर ती घरीच होती, आईचं बघत, शिकवण्या घेत. मग इस्तंबूलच्या एका कंपनीत लागली. मोठे गेम छोट्या कन्सोलांवर चालते करणं हेच त्या कंपनीचं काम. तिला निवडणाऱ्या तिथल्या बाईने 'गदीर' खेळला होता आणि तीही पाण्यापाशी थांबली होती. नाएलचा व्हिडिओ तिने पाहिला नव्हता, हे अरीजने नाएलला मुद्दाम सांगितलं. त्याला ते बरंच वाटलं. तिच्या नोकरीचं श्रेय पदरात पडलं असतं तर ते त्याला पेलवलं नसतं.

मावशी त्याच्याच गाडीने दवाखान्यात जाते, मागच्या सीटवर बसून. शाप बंद झाले, दुवाही बंद झाल्या. हवेबद्दल, भाज्यांबद्दल, सखरच्या बायकोबद्दल बोलतात. एकदा उतरताना तिने विचारलं, "झोप लागते का तुला?" तो म्हणाला, "लागते, मावशी." ती म्हणाली, "बरं," आणि पिशवी उचलून आत गेली. ते विचारण्यात काळजी होती की आणखी काही, यावर नाएल त्या दिवशी खूप विचार करत राहिला. 

अलीकडे इस्तंबूलहून त्याला कंपनीच्या पत्त्यावरून एक संदेश आला. अजून बाहेर न पडलेल्या एका गेमची प्रत, आणि खाली अरीजचं लिखाण: 'बाजाराच्या भागात फ्रेम कुठे पडतात ते हवंय. बाहेर कुणाला सांगायचं नाही. फक्त आकडे.'

नाएलने तो आठवडा दुसरं काही केलं नाही. बाजाराच्या गल्ल्यांतून तो तेच तेच चालला, सकाळी, संध्याकाळी, गर्दीत, रिकाम्यात, आणि जिथे जिथे रेघ वाकली तिथली जागा टिपली. पाठवताना खाली 'काम सुंदर झालंय' असं लिहावंसं वाटलं, कारण खरंच झालं होतं. पण तिने फक्त आकडे मागितले होते. त्याने आकडेच पाठवले.

थोड्या वेळाने उत्तर आलं. 'मिळाले.'